इतर खर्च

हलमध्ये नदी समुद्राला मिळते तिथं पाणी
दूध कमी पडलेल्या चहासारखं दिसतं.
माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर, त्या चहाकडे तोंड करून,
आणि टेबलावर सहाशे बारा माणसांचे गुडघे,
फायलींत, क्रमांकानं.

काहींना नुसतं थांबायला सांगितलंय.
काहींना खऱ्या सुया.
काहींना खोट्या: टोक बोथट,
दाबली की मुठीत मागं सरकते,
नाटकातल्या सुरीसारखी.
सुई खरी की खोटी, हे त्यांना माहीत नाही.
मलाही नाही. यादी कुलपात आहे,
किल्ली डॉक्टर ऑल्ड्रिजकडे,
आणि ते सुटीवर.

माझ्याकडे खर्च.
गोळ्या किती, केवढ्याच्या. बस, जाऊन-येऊन.
कामावर खाडे किती.
दुखणं शून्य ते दहा, एकावर गोल करा.
बहुतेक जण सातवर करतात.
सात हा इथला सभ्य आकडा,
फार कुरकुर नाही, अगदी खोटंही नाही.

क्रमांक दोनशे सतरा.
नाव लिहू नका असं ठळक छापलंय, तरी सही करते:
विनिफ्रेड स्टॅमर्स.
बत्तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
ओल्या फरशीवर उभी राहून हॅडक सोलले.
'इतर खर्च' या रकान्यात तिनं लिहिलंय:
एक पौंड चाळीस, सुया लावणाऱ्या मुलीसाठी केक.
बारीक पोरगी आहे, खात नाही काही.

मी एक पॉइंट चार शून्य टाकलं.
पोरगी आणि तिचं न खाणं
रकान्यानं घेतलं नाही.

माझे कान चिपळूणला टोचले, सोनारानं.
तो कितीतरी वेळ थंड बोटांनी पाळी चोळत राहिला,
काकांच्या म्हशीची चौकशी करत होता,
आता टोचू का म्हणाला
तेव्हा तार आत होती.
सोनारानंच कान टोचावे म्हणतात, ते खरं असेल.
पण त्यात तार किती आणि म्हैस किती
याचा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही.
वडिलांनी पाच रुपये दिले. सगळ्याचे मिळून.

मार्चमध्ये कुलूप उघडलं.
खऱ्या सुयांचे लोक बरे झाले.
खोट्या सुयांचे जवळजवळ तेवढेच.
थांबलेले थांबलेच होते.
दोन सुयांमधला फरक अर्ध्या गुणाच्याही आत,
आणि त्याची एक बाजू शून्याच्या पलीकडे लटकलेली.
तरी डॉक्टरांनी भागाकार केला,
गुणवत्तेनं तोललेलं एक वर्ष केवढ्याला पडतं ते पाहिलं,
परवडतं म्हणाले, मग म्हणाले,
पण नक्की कशाचे पैसे द्यायचे?
खोलीत कुणी बोललं नाही.
कुणीतरी बिस्किटांचा डबा पुढं सरकवला.

नियमाप्रमाणे सगळ्यांना पत्रं गेली.
दोनशे सतराचा फोन माझ्याकडे आला.

'म्हणजे माझी सुई आत गेलीच नाही?'
नाही, मिसेस स्टॅमर्स.
'जिना उतरते मी आता. कठड्याला न धरता.'
हो. तुमचा सातचा तीन झालाय.
'मग आता गुडघ्याला कोण सांगणार?'
मी हसले. तीही हसली असावी.
मागं किटली शिट्टी वाजवत होती, ती तिनं बंद केली.

'त्या मुलीला ठाऊक होतं?'
हो.
तिला ठाऊक असावंच लागतं.

'बारा आठवडे', ती म्हणाली,
'दर वेळी विचारायची, फार टोचतंय का हो.
आणि मी म्हणायची, नाही गं बाई,
तुझा हात हलका आहे.'

खिडकीबाहेर एक बोट भरतीची वाट पाहत
चिखलात कलून बसली होती.
मला काहीतरी बोलायला हवं होतं.
माझ्यासमोर तिची फाईल उघडी होती,
सगळे रकाने भरलेले, बेरीज तपासलेली.

'बरं', ती म्हणाली,
'केकचे पैसे तेवढे परत मिळतील का?'

थट्टा होती की नाही
ते फोनवर कळलं नाही.